पाळी चुकायच्या आधी कंबरेचा एक्स-रे झालाय, मूल ठेवायचं का?

अगं आधी ठाम सांगते, या फोटोंमुळे मूल पाडायची काहीही गरज नाही. तू लिहिलंस ते मला असं कळलं की नाशिकच्या द्वारका चौकाजवळ स्कूटी घसरली, पाळीच्या तारखेपासून विसाव्या दिवशी कंबरेचे दोन आणि छातीचा एक फोटो काढला, नंतर पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता सहावा आठवडा चालूय आणि जाऊबाई म्हणतायत की एक्स-रे लागलाय म्हणजे मूल अपंग होणार, आत्ताच गोळ्या घेऊन मोकळी हो. मी बरीच वर्षं नाशकातच एक्स-रे टेक्निशियन आहे, आणि हा प्रश्न घेऊन रडत आलेल्या बायका मी इतक्या बघितल्यात की उत्तर जरा सविस्तरच लिहिते.

पोटातल्या बाळाला किती रेडिएशन पोचलं ते मिलीग्रेमधे मोजतात. कुठलाही फोटो न काढता, नुसतं घरात राहून, जमिनीतून, हवेतून, आकाशातून नऊ महिन्यात बाळाला साधारण ०.५ ते १ मिलीग्रे मिळतंच, ते कुणालाच चुकत नाही. छातीच्या फोटोत बाळापर्यंत जातं ते जास्तीत जास्त ०.०१, दाताच्या फोटोत त्याहून कमी, हातापायाच्या फोटोत तर जवळजवळ काहीच नाही. कंबरेचा फोटो जरा वेगळा, कारण तिथे किरण थेट त्याच भागातून जातात, त्यात १ ते १० मिलीग्रे. म्हणजे तुझी सगळी बेरीज केली तरी ती १० च्या आसपास किंवा खालीच. आणि व्यंग, मेंदूची वाढ, गर्भपात या गोष्टींचा धोका ५० मिलीग्रेच्या खाली वाढलेला दिसलेला नाही. आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट लिहून ठेवलंय की बाळाला १०० मिलीग्रेपेक्षा कमी डोस गेला असेल तर फक्त रेडिएशनच्या कारणाने गर्भपात करणं योग्य नाही. तू त्याच्या आसपासही नाहीस गं.

दुसरं म्हणजे दिवस बघ. विसावा दिवस म्हणजे गर्भ राहून फारतर आठवडा झालेला, अजून तो गर्भाशयात नीट चिकटायचाय. या काळात मोठा डोस जरी लागला तरी गर्भ एकतर टिकत नाही, नाहीतर टिकला तर नेहमीसारखाच वाढतो, अर्धवट बिघाड राहात नाही. तुझा टिकलाय. मेंदूच्या दृष्टीने नाजूक काळ म्हणजे गर्भ राहिल्यापासून आठ ते पंधरा आठवडे, हे हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बच्या वेळी पोटात असलेल्या मुलांच्या अभ्यासातून कळलं, आणि लोकांच्या मनातली भीती मुळात तिथूनच आलेली आहे, पण ते डोस कुठे आणि आपला कंबरेचा फोटो कुठे.

कॅन्सरचं पण सांगते, कारण नेटवर वाचशील आणि परत घाबरशील. १९५० च्या दशकात इंग्लंडमधे ॲलिस स्ट्युअर्ट नावाच्या डॉक्टर बाईंनी दाखवलं की ज्या आयांच्या पोटाचे एक्स-रे झाले त्यांच्या मुलांमधे लहानपणीचा कॅन्सर थोडा जास्त होता. ते खरंय, आणि म्हणूनच आज उगाच पोटाचा फोटो काढत नाहीत. पण मुळात लहानपणी कॅन्सर होणंच फार दुर्मिळ, आणि १० मिलीग्रेने त्यात भर पडते ती साधारण सतराशे मुलांमागे एकाची. म्हणजे धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण एवढ्यासाठी हवंहवंसं मूल पाडायचं? तसंही, काहीच झालेलं नसताना शंभरातल्या तीनेक बाळांमधे काही ना काही व्यंग असतं, फोटो काढो की न काढो, आणि मग दोष सगळा त्या फोटोवर जातो.

अजून एक गैरसमज सारखा ऐकते, की रेडिएशन अंगात साठून राहतं. नाही राहात. खोलीतला दिवा बंद केला की उजेड संपतो तसंच, बटण सोडलं की किरण संपले. त्यानंतर तुझ्या अंगातून बाळाला काही जात नाही, घरातल्या दुसऱ्या लेकराला जवळ घ्यायलाही काही हरकत नाही.

आणि हो, गोळ्या. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नकोस, हात जोडून सांगते. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं, शिवाय अर्धवट राहिलं तर रक्तस्राव थांबत नाही. सोनोग्राफी न करता कुणीही त्या गोळ्या घेऊ नयेत. उलट मला तुझ्या फोटोंपेक्षा पडल्यावर पाठदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांची जास्त काळजी वाटते, पेनकिलर होती, स्नायू सैल करायची होती, अजून काय होतं, ती चिठ्ठी घेऊन जा आणि गायनॅकला दाखव, त्याबद्दल कुणी विचारतच नाही आणि एक्स-रेवर मात्र घरभर चर्चा. फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर ते पण विचार.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते. भीतीपायी गरजेचा फोटो काढू न देणं. मागे पेठकडची एक मुलगी आलेली, पाचवा महिना, दोन महिने खोकला, रात्री ताप, वजन उतरलेलं, डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहिलेला आणि सासूबाई दारातच अडून बसल्या. मी त्यांना आत घेतलं, मशीनचा लाईट लावला. त्याचा एक पिवळट चौकोन पडतो, मधे फुलीची सावली, किरण मुख्य तेवढ्याच चौकोनात जातात. तो मी मुलीच्या छातीवर जुळवला, खालची कड बरगड्यांपाशी थांबवली आणि सासूबाईंचा हात धरून पोटावर ठेवला, म्हटलं बघा इथे लाईट आहे का. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या काढा. श्वास घे, रोख, सोड, एवढ्यात झालं. वरच्या भागात डाग होता, थुंकीत टीबी निघाला, त्याच आठवड्यात सरकारी औषधं चालू झाली. तो टीबी तसाच राहिला असता तर आई आणि बाळ दोघांनाही जे भोगावं लागलं असतं त्याच्यापुढे तो फोटो काहीच नाही.

किरण अडवायला घालतात त्या शिशाच्या एप्रनबद्दल विचारलंस, तुला दिला नाही म्हणून. पूर्वी सगळीकडे देत, आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी देतात, पण अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०१९ मधे सांगितलं की पोटावर सरसकट एप्रन घालायची पद्धत बंद करा, कारण बाळापर्यंत जे थोडंफार पोचतं ते बहुतेक शरीराच्या आतूनच पसरत येतं, वरून झाकून त्यात फरक पडत नाही, आणि एप्रन चौकोनात आला तर फोटो परत काढावा लागतो. आणि कंबरेच्या फोटोत तो घालता येणारच नाही, जे बघायचं तेच झाकलं जाईल. तेव्हा एप्रन नव्हता म्हणून नुकसान झालं असं धरू नकोस.

यातून पुढे कुणाला उपयोग व्हावा म्हणून, लग्न झालेल्या मुलींनो, कंबर, पोट, मांडीच्या खुब्याचा फोटो किंवा पोटाचं सीटी असेल तर आत जायच्या आधी पाळीची तारीख स्वतःहून सांगा. एक्स-रे रूमबाहेर "गरोदर असल्यास सांगा" असा बोर्ड असतो तो नुसता भिंत सजवायला नाही. तारीख उलटलेली असेल आणि फोटो चार दिवसांनी चालणार असेल तर आधी टेस्ट करू, नाहीतर सोनोग्राफीने किंवा एमआरआयने काम होतंय का ते डॉक्टर बघतील, त्यात रेडिएशन नसतंच. पण अपघात, श्वास लागणं, असलं तातडीचं असेल तर थांबू नका. खरं जपायचं ते पोटाचं आणि ओटीपोटाचं सीटी, एकेका वेळी तिथे १० ते ५० मिलीग्रेपर्यंत जाऊ शकतं, आणि थायरॉईडसाठीचं किरणोत्सारी आयोडीन, ते मात्र गरोदरपणात अजिबात नाही.

तू एवढंच कर की जिथे फोटो काढले तिथून रिपोर्ट घे, किती फोटो, कुठल्या भागाचे, परत काढावा लागला होता का ते विचार, डिजिटल मशीनवर ते सगळं साठवलेलं असतं. तो कागद गायनॅकच्या फाईलला लाव. पुढच्या तपासण्या सगळ्यांच्या असतात त्याच, अकरा ते चौदा आठवड्यांची एनटी (बाळाच्या मानेमागची जाडी बघायची सोनोग्राफी) आणि अठरा-वीस आठवड्यांची ॲनोमली स्कॅन (व्यंग आहे का बघायची सोनोग्राफी), फोटो झाला म्हणून वेगळं काही लागत नाही. जाऊबाई ऐकत नसतील तर त्यांनाच सोबत घेऊन जा डॉक्टरांकडे, घरी वाद घालण्यापेक्षा ते बरं. आणि पाठ अजून दुखतेय म्हणालीस ना, पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवी कळत नसेल तर एक्स-रेच्या भीतीने घरी थांबू नकोस, त्याच दिवशी दाखव.