डबल स्टोरेजसाठी हप्ते की अजून थोडं थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जुना लॅपटॉप रडतखडत चालतोय, नवीन बजेटमधला घ्यायचाय, पण बाहेरून काढता-घालता येणारी ड्राइव्ह एकाही स्वस्त मॉडेलमध्ये नाही, मग ती स्टँडर्ड होईपर्यंत एखाददोन वर्षं थांबायचं, की दुकानदार म्हणतोय तसं डबल स्टोरेजवालं हप्त्यांवर उचलायचं. माझ्या मते दोन्ही नको.

थांबून काही मिळेल असं वाटत नाही, कारण सगळं उलटंच चाललंय. 1998 ला ॲपलने आयमॅकमध्ये फ्लॉपी (तेव्हाची काढता-घालता येणारी डिस्क) चालवायची सोयच दिली नाही तेव्हा लोकांनी नावं ठेवली, 2003 मध्ये डेलनेही काही डेस्कटॉपवर ती स्टँडर्ड देणं बंद केलं, मग सीडी-डीव्हीडीचा नंबर लागला. 1994 ची 100 एमबीवाली झिप ड्राइव्ह (फ्लॉपीसारख्याच, पण जास्त जागेच्या डिस्कची) आठवतेय का? ती पण ऑप्शनच राहिली, आणि पेन ड्राइव्ह आल्यावर तर संपलीच. स्वस्त मशीनमध्ये कंपनी पै-पैचा हिशोब करते, जे सगळ्यांना लागत नाही ते सगळ्यांच्या किमतीत कशाला घालेल? यूएसबी पोर्ट दिलाय, बाकी तुमचं तुम्ही बघा, असा मामला आहे.

आता डबल स्टोरेज. दोन वर्षं कदाचित भरणारही नाही अशा जागेवर आजपासून व्याज भरायचं, आणि ती जागा लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असेल तर बोर्ड गेला की जागाही गेली, डेटाही गेला. बाहेरची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान ड्राइव्ह) मात्र पुढच्या लॅपटॉपलाही चालते. म्हणून कमी स्टोरेजचं मॉडेल रोखीने घ्या आणि वाचलेल्या पैशात एक बाहेरची ड्राइव्ह. (फोटोंची एकमेव कॉपी तिच्यावर ठेवू नका हां, ती पण पडते, हरवते.)

फक्त घेताना स्पेसिफिकेशनमध्ये स्टोरेजची ओळ नीट वाचा. ‘ईएमएमसी’ लिहिलं असेल तर ती चिप सोल्डर केलेली असते, स्पीडही कमी, आणि विंडोज 11 ला किमान 64 जीबी लागतात म्हणजे 64 वाल्यात तुमच्यासाठी फारसं काही उरतच नाही, ते स्वस्तात मिळालं तरी महागच. ‘एम.2 एसएसडी’ असेल तर बहुतेक वेळा ती आत एका स्क्रूने बसवलेली पट्टी असते, पुढेमागे काढून मोठी टाकता येते. पट्टीची लांबी पण बघा, 2280 म्हणजे 22 मिमी रुंद, 80 मिमी लांब, काही स्वस्त मशीनमध्ये 2242 किंवा 2230 एवढीच मावते.

आणि खरं सांगू का, खरेदीच्या आधी जुना लॅपटॉप एकदा उघडून बघा. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) टाकली की तोच लॅपटॉप बऱ्यापैकी पळतो, खर्च नव्याच्या एका तुकड्याएवढा. अट एकच, तो विंडोज 11 घेतो का ते तपासा, कारण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. घेत असेल तर या वर्षी नवीन लॅपटॉपचा विषय बंद करा.