‘कारक निरोध’ की ‘आवर’?

सोलापुरात शाळेत खो-खो शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न: प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ‘मोटर इनहिबिशन’साठी (म्हणजे होऊ घातलेली हालचाल रोखून धरणं) ‘कारक निरोध’ छापलंय, पालकसभेत तसंच म्हणू का?

बाई, नका म्हणू. ‘निरोध’ थेट पतंजलीच्या योगसूत्रातला, चुकीचा अजिबात नाही. पण १९६८ साली सरकारने तेच नाव कुटुंबनियोजनाच्या साधनाला दिलं, तेव्हा सभेत खसखस पिकणारच. ‘कारक’ म्हटलं की व्याकरणाचा तास आठवतो. कुणी ‘संकोच’ सुचवेल, तर लाजरं पोर वेगळं आणि थांबू शकणारं पोर वेगळं.

आपल्याकडे ‘आवरणं’ आहे की! हात आवर, जीभ आवर, हसू आवरेना. (शाळेची वेळ झाली की ‘आवर लवकर’ म्हणजे मात्र उरक! एकाच शब्दाला ब्रेकही आणि ॲक्सिलरेटरही.)

हा आवर ज्यात मोडतो त्या ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स’चं, म्हणजे स्वतःच्या वागण्या-विचारांवर ताबा ठेवणाऱ्या मनाच्या क्षमतांचं, ‘कार्यकारी कार्ये’ केलं की मला बांधकाम खात्याचा कार्यकारी अभियंता दिसतो. मी ‘मनाचा कारभार’ म्हणेन. त्यात अभ्यासक मुख्यतः तीन गोष्टी धरतात: आवर, कामापुरतं ध्यानात धरणं, आणि नियम बदलला की आपली चाल बदलणं.

पालकांना व्याख्या देण्यापेक्षा ‘चिमणी उड, कावळा उड’ खेळवा. चारदा बोट उचलल्यावर ‘म्हैस उड’ येतं आणि बोट उचलू पाहतं. प्रयोगशाळेतली ‘गो/नो-गो’ चाचणी याच धर्तीची. तुमच्या मैदानावर खो मिळेपर्यंत बसून राहणं हाही आवरच, आधी उठलं की फाउल. पण धावणाऱ्याने हूल दिली आणि ओठावर आलेला खो गिळावा लागला, तर ते ‘थोपवणं’: सुटलेली कृती मध्येच अडवायची. त्याची चाचणीही निराळी, ‘स्टॉप-सिग्नल’. मराठीने हा भेद आयता दिलाय, तो वापरा.

एक मात्र छातीठोकपणे सांगू नका. खो-खोत पाय आवरणारं पोर गणितातही घाई आवरेल, याची हमी नाही. नुसत्या पळण्यापेक्षा डोकं लावायला लावणारी हालचाल कारभाराला जास्त उपयोगी, असं एडेल डायमंड या संशोधिका मांडतात; त्यावर अभ्यासकांत वाद आहे.

आणि वाक्य करताना ‘पोरांचा आवर वाढतो’ नको, कानाला खटकतं. ‘हातापायांना आवर घालता येतो’ म्हणा.