चक्रधरस्वामींनी स्वतः एक ओळही लिहिली नाही, मग मराठीवर त्यांचं एवढं ऋण कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, तरी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचं नाव इतक्या आदराने का घेतात?

माझी आजी उपदेशी होती, म्हणजे संसारात राहून महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरात मूर्तींचा देव्हारा नव्हता. एका पेटीत 'विशेष' असायचे, म्हणजे स्वामींच्या संबंधाने पवित्र झालेले लहान लहान पाषाण. रोज सकाळी आजी त्यांना वंदन करायची. घरी कुणी आलं की 'नमस्कार' नाही, 'दंडवत' म्हणायचं. त्यामुळे हे उत्तर तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही, पण जे खात्रीने माहीत आहे तेवढंच सांगतो.

भडोचच्या विशाळदेव नावाच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव म्हणजे पुढचे चक्रधर. तरुणपणी हरपाळदेवाचा मृत्यू झाला आणि द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यानंतरचा प्रसंग अगदी माणसांतला आहे. हरपाळदेव जुगारात हरले, पैसे चुकते करायला पत्नी कमळाईसेकडे दागिने मागितले, तिने नाही म्हटलं आणि त्यांचं मन संसारावरून उडालं. रामटेकच्या यात्रेचं निमित्त सांगून ते निघाले आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटले. गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, गावात वेड्यासारखे वागणारे सिद्धपुरुष. त्यांच्या हातच्या प्रसादाने हरपाळदेवांचं आयुष्य पालटलं. पुढे सालबर्डीच्या डोंगरात तपश्चर्या, मग वर्षानुवर्षं एकट्याने भ्रमंती, आणि शेवटी पैठण नि गोदाकाठच्या परिसरात शिष्यांसह वास्तव्य.

भ्रमंतीतली सशाची लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला तो प्रसंग, आजी फार सांगायची. पारधी आणि कुत्रे मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. पारधी ससा मागतात, स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला सोडायचं नसतं. शेवटी पारधीच शिकार सोडतात. पंथातली अहिंसा मला तत्त्वज्ञानातून कळली नाही, या सशातून कळली.

तत्त्वज्ञान थोडक्यात असं: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांपासून वेगळे. देवता आपापल्या मर्यादेतलं फळ देतात, मोक्ष फक्त परमेश्वर देतो. म्हणून इतर देवतांची उपासना नाही, परमेश्वराचं नाम, लीळा, मूर्ती (म्हणजे रूप) आणि चेष्टा (म्हणजे कृती) यांचं स्मरण.

आता भाषेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. मोक्षाचं ज्ञान संस्कृतात सांगायचं, ही तेव्हाची रीत. स्वामी मराठीत बोलले, आणि नुसतं प्रवचन नाही. खाता-चालताना, देवळाच्या ओट्यावर बसून, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना बोलले. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत त्यांनी साध्या मराठीत सांगितला. शिष्यांपैकी बाइसा त्यांची सेवा करायची, महदाईसा सतत शंका विचारायची, आणि त्या शंकांना ते मनापासून उत्तर द्यायचे. पाळीच्या विटाळाबद्दल प्रश्न आला तेव्हा त्यांनी तो शरीराचा इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, असं समजावलं. तेराव्या शतकात! स्त्रियांना संन्यास दिला, भिक्षेत जातिभेद पाळायचा नाही असं शिकवलं. या सगळ्यामुळे कर्मठांचा आणि यादवांचा मंत्री हेमाद्री याचा रोष ओढवला. लीळाचरित्र या त्यांच्या चरित्रग्रंथात छळाचे प्रसंग आहेत. इ. स. 1274 च्या सुमारास ते 'उत्तरापंथे', म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेले. पंथात त्याला निधन म्हणत नाहीत.

ते गेल्यावर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी राहिले. तिथे म्हाइंभटांनी जे काम केलं त्याला तोड नाही. सराळ्याचे हे श्रीमंत पंडित आधी स्वामींशी वाद घालायला आले होते. आता तेच ज्याला जे आठवतं ते विचारत फिरले: कुठे बसले होते, कोण होतं, काय म्हणाले. स्वामींनंतर पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांकडून आठवणी पारखून घेतल्या आणि 1278 च्या आसपास लीळाचरित्र तयार झालं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा चरित्रग्रंथ. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, 1290 ची. लीळाचरित्रात स्वामी स्वतःला 'मी' म्हणत नाहीत, 'एथ' म्हणतात. शिष्यांना ती लकबसुद्धा जपावीशी वाटली.

पुढे पंथातले पंडित केशोबास संस्कृतात रचना करायला निघाले तेव्हा नागदेवाचार्य म्हणाले, "नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील." संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील. माझ्यासाठी तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. नागदेवाचार्यांनी स्वतः काही नवं काढलं नव्हतं. स्वामींनी ज्यांच्याशी ज्या भाषेत बोलणं केलं, त्या माणसांकडून ती भाषा काढून घ्यायची नाही, एवढंच. महदाईसेचे धवळे, म्हणजे लग्नप्रसंगी गायची गाणी, त्याच वातावरणातले. तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात.

मग हे आपल्याला शाळेत नीट का शिकवलं गेलं नाही? एक कारण पंथातच आहे. ग्रंथांना धोका वाटला म्हणून ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले आणि शेकडो वर्षं मठांबाहेर कुणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडल्यावर अभ्यासकांना हा खजिना दिसला. दुसरं कारण दुखरं आहे. आपण ढोंगी माणसाला 'मानभावी' म्हणतो. तो शब्द 'महानुभाव'वरूनच आलेला आहे. माझ्या वर्गात तो वाक्प्रचार म्हणून शिकवला गेला तेव्हा मी आजीला विचारलं होतं. ती काही बोलली नाही, पोथी उघडून बसली. कृपा करून तुम्ही तरी तो शब्द वापरू नका.

पंथ महाराष्ट्रापुरता राहिला नाही. पंजाबात त्याला जयकृष्णी म्हणतात, आणि तिथल्या पंजाबी घरांतून आलेले साधू आजही या जुन्या मराठी पोथ्या शिकतात. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे.

वाचायचं असेल तर लीळाचरित्रातल्या एकांकापासून, म्हणजे स्वामींच्या एकट्या भ्रमंतीच्या भागापासून सुरुवात करा. तळटिपा असलेली आवृत्ती घ्या आणि मोठ्याने वाचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणा वयस्कर माणसाला शेजारी बसवलंत तर बरेच शब्द त्यांना ओळखीचे निघतील. माझ्या आजीला निघायचे.