घरच्या चपलांच्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या मुलीला पगार द्यावा का?
हो, द्यायलाच हवा, आणि वहीत तो पगार म्हणूनच लिहा. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानांचे हिशेब मी लिहिते. कापशी चपलेचे रील काढणं, रात्री अकरा वाजता ‘सात नंबर आहे का?’ला उत्तर देणं, पार्सलवर पत्ता चिकटवणं, सगळं पोरगी करते; खर्चात मात्र फक्त कुरिअर दिसतं. हा अन्यायच आहे. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातही अशी मुलगी घरच्या उद्योगातली मदतनीस, म्हणजे बिनपगारी का होईना, कामकरीच धरतात. कामाच्या मानाने वाजवी पगार धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. मात्र अंदाजित नफ्याच्या योजनेत, म्हणजे विक्रीचे ठरावीक टक्के हाच नफा धरून, कर भरत असाल तर त्याची वेगळी वजावट मिळत नाही. तरीही पैसे तिच्याच खात्यावर टाका.