बायकोची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता माझं काय?

प्रश्न: डॉक्टर, मी डिचोलीचा, वय ३८. बायकोच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आलाय. मला काहीच त्रास नाही, पण मलाही कॅन्सर होऊ शकतो का आणि कुठली टेस्ट करू? घरात बोलणं बंद आहे, मनात नको ते येतंय.

उत्तर: आधी बोलणं सुरू करा. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही, तुमच्याकडूनच त्यांना गेला असेल असंही होऊ शकतं, तेव्हा प्लीज संशय घेऊ नका. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पण १६ नंबर हा त्यातला जास्त धोक्याचा प्रकार आहे म्हणून त्यांची कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी, टाळू नका.

आता तुमचं. पुरुषांसाठी एचपीव्हीची मान्य अशी स्क्रीनिंग टेस्टच नाही, कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नका. बहुतेकांचं शरीर हा व्हायरस एक-दोन वर्षांत स्वतःच काढून टाकतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातल्या थोड्यांना, तेही खूप वर्षांनी, लिंगाचा किंवा गुदद्वाराचा कॅन्सर होऊ शकतो. लिंगाचा कॅन्सर तसा दुर्मिळ, त्यातल्या साधारण निम्म्या केसेसमध्ये हा व्हायरस सापडतो, गुदद्वाराच्या जवळपास ९० टक्क्यांत. प्रोस्टेट आणि मूत्राशयाशी मात्र संबंध सिद्ध झालेला नाही.

मला खरी काळजी वाटते ती लाजेची. आपल्या गोव्याच्या दमट हवेत तिथे खाज किंवा लाल चट्टा आला की माणूस फार्मसीतून ट्यूब आणतो, महिनोन्‌महिने लावत बसतो, बायकोलाही सांगत नाही, आणि मग येतो तेव्हा अवयवाचा भाग कापावा लागतो, जे लवकर आला असता तर क्रीमवर, लेझरवर किंवा छोट्या ऑपरेशनवर निभावलं असतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, चट्टा, कातडीखालून रक्त किंवा वास, यातलं काहीही दिसलं तर सरळ यूरोलॉजिस्टला दाखवा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा. कातडी मागे जात नसेल तरी दाखवा, तो वेगळा धोका आहेच. सिगारेट ओढत असाल तर सोडा. कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

एचपीव्हीची लस आधीच असलेलं इन्फेक्शन बरं करत नाही, त्यामुळे या वयात तुम्हाला तिचा फारसा उपयोग नाही. पण घरात ९ ते १४ वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक मुलग्यांनाही चालते, त्या वयात दोनच डोस लागतात.