काळ्या मातीतली राइड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या मोटारसायकल क्लबचे चौदा सदस्य ऑगस्टमधल्या एका रविवारी छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळमार्गे कन्नडपर्यंत जाऊन संध्याकाळी परतणार आहेत. गाड्या 100 सीसीपासून 650 सीसीपर्यंतच्या आहेत. पावसात रांग कशी लावावी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चौदा गाड्यांची एकच रांग पावसात सांभाळली जात नाही, तेव्हा सात-सातचे दोन गट करून त्यांच्या निघण्यात दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. पुढे रस्ता माहीत असलेला शांत डोक्याचा चालक, त्याच्या लगेच मागे सर्वांत लहान गाडी किंवा सर्वांत नवखा सदस्य, आणि शेवटी पंक्चरचे सामान व प्रथमोपचाराची पेटी बाळगणारा अनुभवी सदस्य अशी रचना केली, की गटाचा वेग आपोआप लहान गाडीच्या बेताचा राहतो. नवख्याला शेपटाला ठेवण्याची चूक बहुतेक क्लब करतात. पुढच्याने वेग थोडा वाढवला तरी मागच्याला रांग गाठण्यासाठी त्याहून बराच अधिक वेग घ्यावा लागतो, आणि घसरतो तो तिथेच.

कोरड्या रस्त्यावर दोन गाड्यांत दोन सेकंदांचे अंतर पुरते, ओल्यावर ते चार सेकंद हवे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांचे अंतर 65 ते 70 मीटर झाले. एवढी मोकळी जागा पाहून मध्ये एखादी जीप घुसेलच, घुसू द्यावी. एकाआड एक, डावी-उजवीकडे चालण्याची पद्धत रुंद रस्त्यावर चांगली असली तरी दौलताबादच्या तटबंदीतल्या अरुंद दरवाजातून आणि पुढे खुलताबादकडे चढणाऱ्या घाटात एकामागे एकच जावे. प्रत्येक फाट्यावर आपल्या मागची गाडी दिसेपर्यंत थांबण्याचा नियम सर्वांनी पाळला, तर कोणी चुकत नाही आणि चालता चालता मोबाइल पाहण्याची वेळही येत नाही.

प्रश्न : डांबरी रस्ता सोडून शेतातल्या वाटेने दोन किलोमीटरवरच्या एका जुन्या देवळाकडे निघालो, तर पुढचे चाक चिखलाने जाम झाले आणि दोघांनी ढकलूनही गाडी हलेना. टायर बदलावेत का? (लातूर)

उत्तर : टायर बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण मातीच्या जातीत आहे. आपली काळी माती ज्या चिकणमातीने बनली आहे, ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. भिजलेल्या अवस्थेत ती फिरत्या चाकाला थरावर थर चिकटत जाते. त्यात वाटेवरचे गवत आणि भुसकट मिसळले, की भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट गोळा मडगार्डखाली बसतो. तिथे मोकळी जागा असते जेमतेम दोन-तीन बोटांची, त्यामुळे शंभर-दीडशे पावलांत चाक थांबते. कळंबजवळ एकदा मी पाऊण तास उकिडवा बसून बांधावरच्या पऱ्हाटीच्या काडीने हा गोळा कोरून काढला, चाक फिरले, गाडी वीस पावले गेली आणि पुन्हा जाम झाली. त्यानंतर माझा नियम असा, की पाऊस झाला असेल तर गाडी डांबरीच्या कडेला लावून देवळापर्यंत पायी जावे.

अधिक जपायचे ते मात्र डांबरी रस्त्यावरच. ट्रॅक्टर शेतातून वर येताना चाकांना लागलेली माती रस्त्यावर सोडतो, आणि रिमझिम पावसात तिचा साबणासारखा पातळ लेप होतो. जोराचा पाऊस हा लेप धुऊन नेतो, भुरभूर नेत नाही. म्हणून भुरभुरीत अधिक सावध असावे. शेताचे तोंड रस्त्याला मिळते तिथे मळकट पट्टे दिसले, की वेग आधीच उतरवावा आणि पट्ट्यावरून जाताना गाडी सरळ, ॲक्सिलरेटर स्थिर, ब्रेकला हात नाही, एवढे पाळावे.

प्रश्न : फरशी पुलावरून घोटाभर पाणी वाहत असेल तर गाडी काढावी का? (बीड)

उत्तर : काढू नये. पाणी गढूळ असते, खालची फरशी वाहून गेली आहे की शाबूत आहे ते दिसत नाही, आणि प्रवाह चाकांना आडवा ढकलतो. आपण उभे आहोत तिथे ऊन पडलेले असले तरी वर बालाघाटाच्या डोंगरात पाऊस झाला असेल, तर ओढा पाहता पाहता चढतो. तो बहुधा तितक्याच लवकर ओसरतोही, तेव्हा अलीकडच्या गावात चहा घेत थांबावे. विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबू नये, पक्के छत गाठावे. पाण्यात गाडी बंद पडून इंजिनात पाणी शिरल्याची शंका असल्यास स्टार्टर मारणे हा सर्वांत महाग उपाय आहे, कारण पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : माझ्या गाडीला एबीएस (अँटिलॉक ब्रेक यंत्रणा) आहे. मग पावसात वेगळे काय सांभाळायचे? (जालना)

उत्तर : 125 सीसीवरील नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे झाले, तेव्हापासून हा गैरसमज वाढला आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. टायर आणि रस्ता यांची पकड मात्र ते वाढवत नाही. शिवाय अनेक गाड्यांत ते केवळ पुढच्या चाकाला असते, म्हणजे मागचे चाक पूर्वीसारखेच घसरते. वळणात झुकलेल्या गाडीला साधे एबीएस फारसे वाचवू शकत नाही, त्यामुळे ब्रेकचे काम वळणाआधी उरकावे. टायरच्या खाचांतील झिजेची खूण रबराच्या पातळीला आली असेल, तर राइडला येऊच नये.

प्रश्न : हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. उपाय काय? (परभणी)

उत्तर : भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब काचेच्या आतून पसरून कोरड्या मऊ कापडाने पुसावा, अर्धा दिवस निभावते.

प्रश्न : परतल्यावर गाडीचे काय करावे? (नांदेड)

उत्तर : काळी माती वाळून दगड होण्याआधी, त्याच संध्याकाळी, साध्या नळीच्या पाण्याने धुवावी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर रोखून मारला तर ग्रीस निघून पाणी आत जाते. चेन पुसून कोरडी करावी, मागचे चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने तेल सोडावे आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते मागच्या टायरवर उडालेले दिसते.