वाचक विचारतात : इंजिन बदलले, आता ब्रेकच्या साहाय्याचे काय?

प्रश्न : माझ्या जुन्या, मागील चाकांवर चालणाऱ्या कूपे गाडीत मूळ चार सिलिंडरच्या इंजिनाऐवजी ६.२ लिटरचे एलएस३ हे व्ही-८ इंजिन बसवले आहे. त्यात अधिक उंच व अधिक काळ उघडणाऱ्या झडपांचा कॅमशाफ्ट असून गरम इंजिनावर आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये जेमतेम १० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो. ब्रेक दाबताना पायाच्या जोरात भर घालणारा मूळ ब्रेक बूस्टर २५ सेंटिमीटर व्यासाचा आहे. तो व्हॉल्व्ह कव्हरला जवळजवळ टेकतो. पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल ठीक वाटते, पण लागोपाठ दाबल्यास ते दगडासारखे घट्ट होते. गाडीला एबीएस नाही. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावरच चालतो. रस्त्यावरचा वापर अधिक, अधूनमधून ट्रॅकवर. काही जण बूस्टर काढूनच टाकण्याचा सल्ला देतात. कोणती रचना निवडावी?

उत्तर : आपण व्हॅक्यूम मोजून मग प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तर नेमके देता येईल. बहुतेक जण इंजिनाची शक्ती दुप्पट करतात आणि ब्रेकच्या बाबतीत केवळ मोठ्या डिस्क व कॅलिपर लावून थांबतात. त्या कॅलिपरपर्यंत दाब पोहोचवणारी रचना मात्र जुन्या इंजिनाच्या हिशेबानेच राहून जाते.

व्हॅक्यूम बूस्टरच्या आत रबराचा पडदा, म्हणजे डायाफ्राम असतो. त्याच्या पुढच्या बाजूला मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम असतो आणि पेडल दाबले की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. या दोहोंमधील दाबाचा फरक डायाफ्रामच्या क्षेत्रफळावर पडतो व तोच जोर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या सिलिंडरच्या, दट्ट्याला मिळतो. आपल्या २५ सेंटिमीटरच्या बूस्टरचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर आहे. साध्या कॅमच्या पेट्रोल इंजिनात मिळतो तसा २० इंच व्हॅक्यूम असेल, तर बूस्टर जास्तीत जास्त सुमारे ३४० किलोचा जोर देऊ शकतो. १० इंचांवर हाच आकडा १७० किलोवर येतो. स्प्रिंगचा विरोध आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळते.

आता याचा परिणाम पायावर कसा होतो ते पाहू, कारण खरी अडचण येथे आहे. पेडलचे गुणोत्तर ४ (म्हणजे पेडलच्या तरफेमुळे पायाचा जोर चौपट होतो), बूस्टर पेडलच्या दांड्यावरील जोराच्या चौपट भर घालणारा आणि मास्टर सिलिंडरचा व्यास २५.४ मिलिमीटर, असे धरा. पूर्ण व्हॅक्यूम असताना पायाने साधारण २१ किलो जोर दिला की ब्रेकच्या नळ्यांमध्ये सुमारे ८२ बार दाब तयार होतो आणि त्याच क्षणी बूस्टरची क्षमता संपते. व्हॅक्यूम निम्मा असेल, तर पाय जेमतेम साडेदहा किलोवर पोहोचताच, म्हणजे ४१ बारलाच, बूस्टर संपतो. त्यापुढे प्रत्येक किलो केवळ पायाचा. तेच ८२ बार गाठायला आता सुमारे ६४ किलो जोर लागेल. हलक्या ब्रेकिंगमध्ये गाडी अगदी नेहमीसारखी वागते आणि खरी गरज पडते त्या वेळी पेडल अचानक भिंतीसारखे लागते, याचे कारण हेच आहे. लागोपाठ दाबल्यावर पेडल घट्ट होण्याचे कारण थोडे वेगळे आहे : बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह आतला व्हॅक्यूम धरून ठेवतो, परंतु तो साठा एक-दोन वेळांपुरताच असतो आणि आपले इंजिन आयडलिंगला तो पुरेशा वेगाने भरून काढू शकत नाही.

म्हणून कोणतीही रचना निवडण्यापूर्वी एक हिशेब करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : साहाय्य पूर्ण बंद पडले, तर पायाच्या जोरावर किती दाब मिळतो? संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासी मोटारींच्या ब्रेक-नियमात, म्हणजे १३-एच मध्ये, साहाय्य निकामी झाल्यावरही पेडलवर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ किलोपेक्षा, अधिक जोर न देता गाडी ठरावीक किमान क्षमतेने थांबली पाहिजे अशी अट आहे. वरील उदाहरणात ५० किलो जोराला मिळतात सुमारे ३९ बार. गाडी थांबेल, पण आपल्या नव्या वेगाच्या मानाने फार लांब जाऊन. पेडलचे गुणोत्तर ५ केले आणि मास्टर सिलिंडर २३.८ मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच जोराला सुमारे ५५ बार मिळतात. याचा मोबदला पेडलच्या चालीत द्यावा लागतो : तेवढेच ब्रेक ऑइल ढकलण्यासाठी पेडल सुमारे ४० टक्के अधिक खाली जाईल. आपल्या कॅलिपरच्या दट्ट्यांचे क्षेत्रफळ मोठे असेल, तर ही चाल पेडलच्या फरशीपर्यंतच्या अंतरात बसते का, हे प्रत्यक्ष गाडीत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता पर्यायांकडे वळू. बूस्टर काढून टाकण्याचा सल्ला मूर्खपणाचा नाही. स्पर्धेच्या अनेक गाड्या तशाच धावतात आणि पायाला मिळणारी जाणीव त्यांत सर्वांत स्वच्छ असते. पण त्या गाड्यांमध्ये पेडलचे गुणोत्तर ६ च्या आसपास, मास्टर सिलिंडर लहान आणि पॅड त्या तापमानाला साजेसे असतात. आपल्या गाडीचे ४ गुणोत्तर आणि २५.४ मिलिमीटरचा सिलिंडर तसेच ठेवून केवळ बूस्टर काढला, तर ८२ बारसाठी शंभर किलोहून अधिक जोर लागेल. असा सल्ला देणाऱ्याने पेडलविषयी काही सांगितले नसेल, तर तो सल्ला अर्धवट आहे.

विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप आपला व्हॅक्यूमचा प्रश्न सोडवतो, जागेचा नाही. दाबाच्या स्विचवर चालू-बंद होणारा पंप, रिले, स्वतंत्र फ्यूज, एक साठवण टाकी आणि मॅनिफोल्डच्या नळीत चांगला एकमार्गी व्हॉल्व्ह एवढ्या साहित्यात १८ ते २० इंच व्हॅक्यूम टिकवता येतो. जागेसाठी मग २० सेंटिमीटर व्यासाचा दुहेरी डायाफ्रामचा बूस्टर घ्यावा लागेल; त्याच्या दोन्ही पडद्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या बूस्टरहून अधिकच भरते. मात्र तो लांबीला जास्त असतो, त्यामुळे मास्टर सिलिंडर पुढे सरकून एक्झॉस्टच्या हेडरजवळ तर जात नाही ना, हे पाहावे. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात ओलावा मुरला की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सिलिंडरशेजारी तापलेला हेडर ठेवून ट्रॅकवर जाणे धोक्याचे आहे.

आपल्या परिस्थितीत मी हायड्रोबूस्ट निवडेन. ही रचना व्हॅक्यूमवर नव्हे, तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालते. कॅम कितीही तीव्र असो, तिला फरक पडत नाही. तिचा व्यास व्हॅक्यूम बूस्टरपेक्षा बराच कमी असल्यामुळे व्हॉल्व्ह कव्हरची अडचणही सुटते. तिच्यात दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असतो, त्यामुळे इंजिन अचानक बंद पडले तरी निदान एकदा-दोनदा साहाय्यासह ब्रेक लागतो. तीन गोष्टींत मात्र तडजोड नको. बूस्टरमधून परत येणारे तेल कमी दाबाच्या, मोकळ्या नळीने थेट पंपाच्या टाकीत गेले पाहिजे. या नळीत अडथळा आला, तर पेडल सोडल्यावरही ब्रेक चिकटून राहू शकतात. पंपाच्या तेलाला कूलर हवा, कारण ट्रॅकवर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकाच तेलाला तापवत असतात. आणि जास्त दाबाची नळी हेडरपासून दूर, आवरणासह न्यावी : ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले, तर आग लागू शकते. स्टिअरिंगचे तेल आणि ब्रेक ऑइल यांची रबरी सीलं वेगवेगळ्या जातीची असतात. एकाचा थेंबही दुसऱ्यात जाऊ देऊ नये.

हायड्रोबूस्टचे पेडल व्हॅक्यूमच्या पेडलपेक्षा तीव्र वाटते, हे खरे आहे. पण मास्टर सिलिंडर निवडताना ती तीव्रता हा पहिला निकष न ठेवता वरचा हिशेब पुढे ठेवावा. पट्टा तुटला, तर स्टिअरिंगचे साहाय्य लगेच जाते आणि अ‍ॅक्युम्युलेटरमधला साठा संपला की ब्रेकचेही जाते; २३.८ मिलिमीटरचा सिलिंडर आणि ५ चे गुणोत्तर यांचा आधार त्या वेळी लागतो. हे दोन्ही बदल बूस्टर बसवतानाच करून घ्यावेत, नंतरसाठी ठेवू नयेत.

प्रश्न : माझ्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे थ्रॉटल आहे आणि स्टिअरिंग विजेवर चालते, त्यामुळे व्हॅक्यूमही नाही आणि तेलाचा पंपही नाही. विजेच्या गाडीतून काढलेला बॉशचा आयबूस्टर लावणे सुरक्षित आहे का?

उत्तर : विचारपूर्वक लावल्यास तो चांगला पर्याय आहे, घाईने लावण्यासारखा मात्र नाही. बॉशने २०१३ साली जगापुढे आणलेल्या या यंत्रात पेडलच्या दांड्याची हालचाल सेन्सर मोजतो आणि विजेची मोटर गिअरमार्फत मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला जोर देते. पेडल व दट्टा यांच्यातील यांत्रिक जोड कायम असल्यामुळे वीज गेली तरी पायाने ब्रेक लागतो, अर्थात साहाय्याविना. दुसऱ्या पिढीची अनेक युनिट मूळ गाडीच्या संगणकाशी संवाद नसतानाही, केवळ बॅटरी आणि इग्निशनचा पुरवठा मिळाल्यावर, पर्यायी अवस्थेत साहाय्य देतात, म्हणूनच बदललेल्या गाड्यांमध्ये ती लोकप्रिय झाली आहेत. तथापि त्या अवस्थेतील साहाय्याचे प्रमाण मूळ गाडीच्या वजनाला व कॅलिपरना धरून ठरलेले असते. आपल्या हलक्या गाडीत ते अतिसंवेदनशील वाटल्यास त्यावर आपला ताबा फारसा राहत नाही.

वायरिंगबाबत कंजुषी करू नये. जोरात ब्रेक दाबताना मोटर क्षणभर फार मोठा विद्युतप्रवाह घेते; तेव्हा बॅटरीपासून थेट जाड तार, स्वतंत्र फ्यूज आणि चेसिसला स्वच्छ अर्थिंग हवे. पिनांची मांडणी आपल्या युनिटच्या पार्ट नंबरवरूनच निश्चित करावी, दिसायला सारख्या दुसऱ्या युनिटवरून नव्हे. युनिट अपघातग्रस्त गाडीतून आले असेल, तर दांडा वाकलेला नाही आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले नाही, हे पाहूनच ते घ्यावे. गाडीत सगळी वीज तोडणारा मुख्य किल स्विच असेल, तर तो दाबल्यावर साहाय्यही जाईल हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. बसवून झाल्यावर मोकळ्या, सुरक्षित जागी कमी वेगात फ्यूज काढून गाडी थांबवून पाहावी. त्या वेळी पेडल पायाला पेलत नसेल, तर पुन्हा मास्टर सिलिंडरच्या व्यासाकडे आणि पेडलच्या गुणोत्तराकडे यावे लागेल.

प्रश्न : नवा दुहेरी डायाफ्रामचा बूस्टर लावल्यापासून दहा-पंधरा मिनिटांनी गाडी जड होते, चाके तापतात आणि पेडल वर येऊन घट्ट होते. थंड झाल्यावर सर्व ठीक. बूस्टर सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बूस्टरचा पुढचा दांडा मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला सतत टेकून असावा, अशी दाट शक्यता आहे. दट्टा पूर्ण मागे आला नाही, तर टाकीकडे जाणारे बारीक भोक झाकलेलेच राहते. मग ब्रेक ऑइल तापून फुगले की त्याला परत जायला वाट मिळत नाही, दाब साचतो आणि पॅड डिस्कवर घासत राहतात. त्या घासण्याने ऑइल आणखी तापते. खात्री करायची असेल, तर ब्रेक चिकटलेल्या अवस्थेत, चाकांना अडसर लावून, मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट काही मिलिमीटर सैल करावेत. चाके लगेच मोकळी झाली, तर दांडा लांब आहे किंवा पेडलच पूर्ण मागे येत नाही. ब्रेकलाइटचा स्विच पेडलला पुढे ढकलून ठेवत नाही ना, हे आधी पाहावे, कारण ते दुरुस्त करणे सर्वांत सोपे आहे. त्यानंतर दांडा व दट्टा यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक राहील असा दांडा जुळवावा. मोकळीक याहून फार जास्त ठेवली, तर पेडलची सुरुवातीची चाल वाया जाते. अशा प्रकारे तापलेले ब्रेक ऑइल तसेच वापरू नये. जुळवणी झाल्यावर ते पूर्ण बदलून घ्यावे आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर पॅडही बदलावेत.